तळाचा श्वास

पेइप्सी तळ्याच्या काठाने आमची व्हॅन जाते
मंगळवारी आणि शुक्रवारी.
मागे पिशव्या: चंदेरी, बिनवासाच्या,
प्रत्येकीवर एक आकडा.
मी हेल्वे. तार्तूहून येते.
बायकांचे श्वास गोळा करते.

पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा
दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारलं,
किलोला काय भाव देता?

इथे कांदा पिकतो.
उंच वाफे, तळ्यातून उपसलेला काळा गाळ,
दारोदार टांगलेल्या कांद्याच्या वेण्या,
आणि त्या घालणाऱ्या बोटांना
पणजीच्या पणजीपासूनचा वास.
माझ्या सूचनापत्राची चौथी ओळ:
आदल्या दिवसापासून कांदा खाऊ नये.

झिनोव्हिया हसली.
"पोरी, उद्या माशाला सांगशील
पाण्याचा उपास कर."
तरी फुंकली. डोक्यावरच्या रुमालाची गाठ सैल न करता
एका दमात पिशवी भरली.

तार्तूत यंत्राने कागदावर
एकच डोंगर काढला: कांदा.
त्यामागे काही असलंच
तर दिसेना.
इतकं महागडं नाक,
एरवी नाकाने कांदे सोलणारं,
खऱ्या कांद्यापुढे हरलं.

मी परत गेले. ती दोन दिवस कांद्यावाचून राहिली.
त्या दोन दिवसांत लापशी कशी लागली
हे मला सविस्तर ऐकावं लागलं.
तपासणीची मोठी बस तिने अकरा वर्षं परतवली होती.
"ही छाती देवाने पाहिली, नवऱ्याने पाहिली,
आता लोखंडाला कशाला दाखवू?
फुंकायचं म्हणतेस, तर फुंकते.
समोवारवर रोज फुंकतेच की."

पहिला श्वास सोडून द्या, मी म्हटलं,
तो तोंडाचा असतो, चहाचा, बोलण्याचा.
आम्हाला तळाचा हवा,
रक्ताला शिवून आलेला.
तिने डोळे मिटले.
सोडत गेली, सोडत गेली,
आणि अगदी शेवटी, दम संपताना,
खोकल्यासारखं एक नाव आलं.
तेही पिशवीत गेलं असावं.

मग मी एका कोऱ्या पिशवीत
नुसती हवा ओढून घेतली.
"ही कुणाची?"
खोलीची. तुमच्या श्वासातून खोली वजा करायची असते.
तिने सगळीकडे पाहिलं:
भट्टी, मूर्तीपुढचा तेलाचा दिवा,
दोरीवर लोकरी मोजे, भावाचं मासळीचं जॅकेट.
"एवढं वजा केल्यावर
मी उरते का?"

उरली.
कागदावर लहानमोठ्या टेकड्या,
लांबलचक नावांचे रेणू,
त्यातल्या एकाचंही नाव रोगाचं नाही.
पण त्यांची ठेवण
मी आधी पाहिलेली होती, चार जणींच्या कागदांवर.
आमचं काम अजून कच्चं आहे.
छातीठोक सांगता येत नाही,
असं म्हणायला जाते
आणि जीभ चावते.

तिला सांगितलं: शंका आहे. नुसती शंका.
आता मोठ्या यंत्राचा फोटो लागेल.
बाहेर तळ्यावर बर्फ करकरलं.
"म्हणजे उघडावीच लागणार."
हो.
"दार लावून घेणारी बाई असेल?"
असेल. मी स्वतः उभी राहीन.

शुक्रवारी ती व्हॅनमध्ये पुढे बसली,
मांडीवर कांद्याची वेणी, त्या दार लावणाऱ्या बाईसाठी.
काचेवर तिचा श्वास धरला.
तिने बाहीने पुसला. पुन्हा धरला.
कोसा गाव मागे पडेपर्यंत पुसत राहिली,
मग हात मांडीवर ठेवला.

"फोटोला कांदा चालतो ना?"
चालतो.
वेणीतला एक तिने तोडला,
नखाने सोलला, सफरचंदासारखा चावला.
मागे नऊ कोऱ्या पिशव्या होत्या.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं.
कांद्याचंच.
मी खिडकी उघडली नाही.